घराचं कर्ज २० वर्षांचं, संत्र्याची बाग त्याहून लांब, विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा : हवामानाचा खर्च नेमका कोण भरतंय?

नागनदीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे ते लिहून टाकतो, लांबलंय, पण पूर्ण वाचून मग बोला ही विनंती.

मी कर्ज विभागात काम करतो, बँकेचं नाव राहू द्या. रोज घरांच्या फायली हातातून जातात. आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, पगारपत्रक, सिबिल, सगळं बघतो आम्ही. पण हे घर नाल्यापासून किती लांब आहे, जोतं रस्त्याच्या वर आहे की खाली, पार्किंगमधे कधी पाणी शिरलं होतं का, ह्यासाठी आमच्या फॉर्मात एक रकाना नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपर्यंत मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

त्या रात्री नागपुरात काय झालं ते इथल्या बहुतेकांना माहीतच आहे. चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नागनदी अन् नाले रस्त्यावर, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट, अंबाझरी लेआऊट, शंकरनगर, इकडे सीताबर्डी, मोरभवनच्या बसेस पाण्यात. लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. दुपारपर्यंत पाणी ओसरलं अन् राहिला तो गाळ.

मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. पुढचे चार-सहा महिने माझ्या टेबलसमोर जी माणसं येऊन बसली त्यांचा हिशोब असा होता, ३० लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं म्हणजे महिन्याला साधारण २६ हजार हप्ता, तो तर थांबत नाही, अन् त्यात फ्रिज, दिवाण, वायरिंग, दोन गाड्यांची इंजिनं, मुलांची पुस्तकं, सगळं एकदम. सरकारची १० हजारांची मदत जाहीर झाली, ती गाळ काढण्यात अन् गाद्या घेण्यात गेली. मग सोनं गहाण. मग क्रेडिट कार्ड. एका काकांनी मुलीच्या लग्नाची एफडी मोडली, मी स्वतः तो फॉर्म भरून दिला, त्यांचा हात थरथरत होता ते मी विसरलो नाही. पाणी चार तासच होतं, पण ते काका अजून फेडतायत.

आता त्या भागात तळमजल्याचा फ्लॅट बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, "२०२३ ला पाणी आलं होतं का?" म्हणजे जो हिशोब आमच्या फॉर्मात नाही तो गिऱ्हाईकाच्या डोक्यात आलाय. उद्या तो भावात उतरेल. अन् मग तारण म्हणून आम्ही जे घर धरलंय त्याचं काय?

मार्क कार्नी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर असताना सप्टेंबर २०१५ मधे लंडनला विमावाल्यांसमोर बोलले होते, की हवामानाचं मोठं नुकसान आजच्या धंदेवाल्यांच्या, राजकारण्यांच्या अन् केंद्रीय बँकांच्या मुदतीच्या पलीकडे पडतं, म्हणून कोणी आज हात घालत नाही. क्षितिजाची शोकांतिका म्हणाले ते त्याला. पटतं. पण आपल्या गावात बघितलं तर मला वाटतं लांबचं ते लांबच राहत नाही, तेच एकेक शनिवार होऊन येतं. तुमचं मत सांगा. कोणाकोणाच्या वाट्याला काय आलं तेही सांगा.

धरमपेठची_ताई

दादा, वाचताना पोटात कालवलं. आमच्याकडे तळमजल्यावर माझं शिवणकामाचं आहे, चार मशीन. दिवाळीच्या ऑर्डरचं कापड खाली रॅकवर होतं, सगळं गेलं. मशीनच्या मोटरी दुरुस्त झाल्या पण गिऱ्हाईकाचं कापड भरून द्यावं लागलं ना, ते कोण सोडणार. विमा नव्हता. घराच्या कर्जासोबत जो विमा काढून दिला होता तो माणूस गेला तर कर्ज फेडायचा निघाला, घराचा नाहीच. मला हे पुरानंतर कळलं.

नागनदीकाठ

ताई, हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. कर्जाचा विमा वेगळा अन् घराचा वेगळा, सही करताना हे कोणी समजावून सांगत नाही. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर येतो, अन् घराच्या विम्यासोबत आतल्या सामानालाही बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण तुमच्या मशीन अन् गिऱ्हाईकाचं कापड हे धंद्याचं, ते त्यात धरणार नाहीत. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, ५ कोटींपर्यंतच्या धंद्यांसाठी. काढताना कापड तुमच्या मालकीचं नाही, गिऱ्हाईकाचं आहे, हे आधीच सांगून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तिथेच अडतं.

अर्थमात्रा

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. विषय छान काढलात, थोडी भर घालते.

लांबच्या नुकसानाला आज किती किंमत द्यायची ह्यावर अर्थशास्त्रज्ञांचं मोठं भांडण आहे अन् ते सगळं एका आकड्यावर येऊन थांबतं, व्याजाच्या दरासारखाच आकडा, उद्याच्या रुपयाला आज किती मोजायचं ते सांगणारा. २००६ च्या अहवालात निकोलस स्टर्न ह्यांनी तो साधारण १.४ टक्के धरला. विल्यम नॉर्डहाऊस, ज्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ते त्याच्या बरेच वर, चार-पाच टक्क्यांच्या आसपास धरतात. ऐकायला फरक छोटा वाटतो. वर्गात मी फळ्यावर करून दाखवते, ५० वर्षांनी १ लाखाचं नुकसान होणार असेल तर ते टाळायला आज किती खर्च करणं परवडतं? १.४ टक्क्यांनी ५० हजार. ५ टक्क्यांनी ८ हजार ७००. अन् तुमच्या होम लोनच्या साडेआठ टक्क्यांनी फक्त १,७००. म्हणजे नातवाच्या काळातला पूर आजच्या वहीत जवळपास गायबच होतो. पोरं दोन मिनिटं गप्प बसतात.

माझं स्वतःचं मत स्टर्न ह्यांच्या बाजूचं आहे. जन्म उशिरा झाला एवढ्यासाठी माणसाची किंमत कमी धरणं मला जमत नाही.

पण धागाकर्त्यांचा मुद्दा ह्याच्याही पुढचा आहे अन् तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षं सगळे मॉडेलवाले २०५० अन् २१०० चंच बोलत होते. केंद्रीय बँकांचं एक जाळं आहे, डिसेंबर २०१७ मधे पॅरिसला ८ जणांनी सुरू केलेलं, आपली रिझर्व्ह बँक एप्रिल २०२१ मधे त्यात गेली. त्यांनी मे २०२५ मधे पहिल्यांदा २०३० पर्यंतची, म्हणजे पाचच वर्षांची चित्रं काढली. एकात लागोपाठ उष्णतेच्या लाटा, दुष्काळ, आगी, पूर येतात अन् धोरण हलत नाही. दुसऱ्यात काही वर्षं काहीच न करता मग एकदम कडक नियम येतात अन् कोळसा-पोलादवाल्यांची दाणादाण उडते. पाच वर्षं म्हणजे नागनदीकाठ ह्यांच्या कर्जाचा पाव भाग झाला, हे आता लांबचं म्हणता येत नाही.

उमरेडरोड

मॅडम, आकड्यांवर माझा तेवढा विश्वास नाही. २०४९ पर्यंत जगाचं उत्पन्न १९ टक्क्यांनी घटणार असं पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं, नंतर तो शोधनिबंधच मागे घेतला. अन् ऊन म्हणाल तर नागपूरला ऊन नवीन आहे का? आमचे आजोबा पण नवतप्यात कांदा खिशात ठेवूनच बाहेर पडायचे. पूर आला तो नाले बुजवल्यामुळे, त्यात हवामानाचा काय दोष?

अर्थमात्रा

रास्त प्रश्न आहे, टाळणार नाही. तो निबंध एप्रिल २०२४ मधे 'नेचर'मधे आला होता. उझबेकिस्तानच्या जुन्या आकड्यांतल्या गडबडीने निकाल बराच हलत होता हे दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं अन् डिसेंबर २०२५ मधे लेखकांनी तो मागे घेतला. चूक सापडली, कबूल झाली, हे व्हायलाच पाहिजे. म्हणून मी वर्गात आता तो आकडा वापरत नाही. पण २०४९ चा एक आकडा डळमळला म्हणून मागच्या तीन-चार वर्षांतला खर्च पुसला जात नाही ना. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च होता. गव्हाचे दाणे भरले नाहीत, १३ मेला निर्यात बंद. त्याच उन्हाळ्यात विजेची मागणी चढली अन् कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाड्या रद्द झाल्या, आपल्या स्टेशनवर लोक अडकले होते. जुलै २०२३ ला टोमॅटो आठवतोय? किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली होती, नुसत्या अन्नपदार्थांची साडेअकरा टक्के. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो, फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ तब्बल दोन वर्षं साडेसहावरच राहिला त्यामागे अन्नधान्याची महागाई हे ठळक कारण होतं. म्हणजे कुठेतरी पाऊस चुकला अन् नागपुरातल्या माणसाचा हप्ता उतरायचा राहिला.

नाल्यांचं तुमचं खरं आहे. पाऊस अन् बुजलेला नाला दोन्ही मिळून पूर होतो. हवामानाचा दोष म्हणून नाल्याचा दोष माफ होऊ नये हे मी पण म्हणते.

ठिय्या_ते_स्लॅब

उन्हाचं मी सांगतो, मी बांधकामाचे छोटे ठेके घेतो. पंधरा वर्षांपूर्वी मे मधे बी माणूस सकाळी आठला यायचा, दुपारी तास-दीड तास झोपायचा अन् परत लागायचा. आता एप्रिलच्या अर्ध्यापासून सहाला सुरू अन् अकराला बंद करावं लागतं, मग चारनंतर. स्लॅब रात्री टाकतो, लाइटचा खर्च वेगळा, रात्रीची मजुरी जास्त, तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी दुप्पट, टँकरनं. जे काम वीस दिवसाचं ते अठ्ठावीस दिवसाचं होतं. हे सगळं शेवटी फ्लॅटच्या भावात जातं अन् भाव वाढवता नाही आला तर माझ्या खिशातून.

पण माझं सोडा. ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, जो माणूस उभा राहतो त्याची मुदत एक दिवसाची असते भाऊ. आज काम नाही तर आज चूल नाही. त्याला बारा ते चार काम करू नको म्हणणं बरोबरच आहे, पण त्या चार तासाचे पैसे कोण देणार हे कुठल्या सूचनेत लिहिलेलं मी पाहिलं नाही. माझ्या साइटवरचा एक पोरगा दोन वर्षांमागं भोवळ येऊन पडला, वेळेवर सावलीत नेला, मीठ-साखरेचं पाणी दिलं, वाचला. तीन दिवस घरी राहिला. मी दिले त्याचे तीन दिवस, पण सगळेच देत नाहीत हे मला माहीत आहे.

अर्थमात्रा

दादा, तुम्ही लिहिलंत तेच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आहे. त्यांच्या अंदाजाने २०३० मधे भारतात उष्णतेमुळे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे, अन् शेती-बांधकामालाच सगळ्यात जास्त मार. पैसे कोण देणार ह्याचा एक प्रयोग 'सेवा' संघटनेने केलाय, तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की कष्टकरी बायकांच्या खात्यात थोडी रक्कम आपोआप जमा. मे २०२४ मधे हजारो जणींना मिळाली. रक्कम काही शेच, पण भरपाईसाठी कागद घेऊन फिरावं लागलं नाही. अहमदाबादने २०१३ ला उष्णता कृती आराखडा केला, नागपूरने पण लवकरच केला. आपल्याकडे आता ठिय्यांपासून ह्याची सुरुवात व्हावी असं मला मनापासून वाटतं.

काटोलचा_बगीचावाला

सगळे शहराचं बोलून राहिले, आता माह्यं ऐका.

संत्र्याचं कलम लावलं की पाचव्या वर्षी फळ धरते, चांगली निगा ठेवली तं पंधरा-वीस वर्षं देते. म्हणजे मी आज लावलं त्याचा हिशोब माह्या पोराच्या लग्नापर्यंत जाते. आता सांगा, कोणाची मुदत लंबी? ब्यांकेची का माह्यी? अन् विमा भेटते एका बहाराचा, म्हणजे एकाच हंगामाचा.

मृग बहार घ्याचा तं मे महिन्यात पाणी तोडून झाडाले ताण द्या लागते, मंग जूनमधे पाऊस आला की फूल फुटते. सगळा खेळ पावसाच्या वेळेवर हाय. पाऊस पंधरा दिवस लांबला अन् विहिरीत पाणी नसलं की ताण जास्त होते, झाड वाळते. अन् मे मधेच पाऊस पडला तं ताण तुटते, मंग फूल कमी. आंबिया बहाराचं दुसरंच दुखणं, ऑगस्ट-सप्टेंबरमधे झड लागली की बुरशी येते अन् फळगळ होते, सकाळी बगीच्यात गेलं की खाली हिरवा सडा. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात, वरूड-मोर्शीकडं तं जास्तच, लोकायची उभी झाडं वाळली. माही सत्तर झाडं गेली. सत्तर झाडं म्हणजे एका सालचं नुकसान नाई, पुढच्या पंधरा सालचं फळ गेलं. कागदावर मात्र एकाच सालचं लिहितात.

अन् फळपीक विमा हवामानाच्या यंत्रावर चालते, महसूल मंडळातल्या. गार माह्या बगीच्यात पडली अन् यंत्र आठ किलोमीटरवर. आता ३० मे २०२४ ले नागपूरच्या यंत्रानं ५६ डिग्री दाखवलं नवतं का, मंग हवामान खात्यानं सांगतलं का सेन्सर बिघडला होता. तिथं सगळ्या देशाचं लक्ष गेलं म्हणून तपासलं. आमच्या मंडळातल्या यंत्राकडं कोण पाह्यते?

एक गोष्ट मात्र इमानदारीनं सांगतो, सगळंच हवामानानं नाई गेलं. बांगलादेश आपलं संत्रं घ्याचा, त्यायनं किलोमागची ड्यूटी २०१९ पासून वाढवत वाढवत २०२३ मधे चारपटीच्या वर नेली. बारकं फळ तिकडंच जायचं. तवा भाव पडला तो पावसानं नाई पडला. पण जवा फळगळही झाली अन् भावही पडला, तवा माणूस उठून उभा राहू शकत नाई.

नागनदीकाठ

भाऊ, "पंधरा सालचं फळ गेलं, कागदावर एकाच सालचं" हे मी उद्या आमच्या मॅनेजरला जसंच्या तसं दाखवणार आहे. आमच्याकडे पीककर्जाचं पुनर्गठन होतं तेव्हा हप्ते पुढे ढकलतात, पण झाड पुढे ढकलता येत नाही हे कुठे धरलंच जात नाही.

बुटीबोरी_युनिट

कारखान्याचा एक मुद्दा. माझं छोटं फॅब्रिकेशनचं आहे. माझ्या एका गिऱ्हाईकाचा माल युरोपात जातो. १ जानेवारी २०२६ पासून तिकडे आयात पोलादावर कार्बनचा कर प्रत्यक्ष लागू झाला, त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. तेव्हापासून मला ईमेल येतात, वीज किती युनिट, पत्रा कुठल्या कारखान्यातला. मी आधी दुर्लक्ष केलं. आता कळलं की माहिती नाही दिली तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. पूर नाही, ऊन नाही, तरी हा हवामानाचाच खर्च आहे ना? अन् माझ्याकडची वीज कोळशाची, ती मी कशी बदलू? शेडवर सोलर टाकायचं तर कर्ज पाच-सात वर्षांचं अन् शेड भाड्याची, करार तीन वर्षांचा. परत मुदतीचाच घोळ.

कोराडीकर

कोळशाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं अख्खं घर ह्या विजेवर उभं राहिलं, बाबा प्लांटमधे होते, भाऊ खाणीत आहे. २०७० ला देश शून्य उत्सर्जनावर जाणार हे नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोला जाहीर झालं. माझा मुलगा आता नववीत आहे, २०७० ला तो साठीच्या आसपास असेल, म्हणजे त्याची अख्खी नोकरीची वर्षं ह्याच बदलात जाणार. उमरेड, सावनेर, वणी, बल्लारपूर, ह्या गावांमधे खाण बंद झाली की किराणा दुकानापासून शाळेच्या ऑटोपर्यंत सगळं थांबतं. ते नुकसान पण मोजा, एवढंच म्हणणं.

अन् एक चांगली गोष्ट, कारण सगळं वाईटच लिहिलंय वर. पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र २०१५ ला बंद पडलं होतं. जुलै २०१९ ला पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण आटलं तेव्हा नागपूरला दिवसाआड पाणी होतं, पावसाळा सुरू असताना, आठवत असेल. पण कोराडीच्या वीज केंद्राला शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून मिळतं, रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. तेवढं पेंचचं पाणी प्यायला अन् शेतीला राहिलं. कोणीतरी दुष्काळाच्या कितीतरी आधी बसून तो विचार केला होता.

उमरेडरोड

हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. नाल्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण काटोलच्या भाऊंचं वाचून बाकीच्यावर परत विचार करतोय.

धरमपेठची_ताई

नागनदीकाठ दादा, सूक्ष्म उद्यमची चौकशी केली आज. एजंटने जोत्याची उंची विचारली अन् २०२३ चे फोटो मागितले. कपडा रॅकवर किती फुटांवर ठेवता असं पण विचारलं. मी सुताराला बोलावलंय, रॅक तीन फूट वर घेते. मशीनच्या मोटरी पण रात्री काढून वर ठेवायची सवय लावतेय पोरींना, जूनच्या आत.

नागनदीकाठ

फार छान केलंत ताई. गाडीचं पण एक सांगतो सगळ्यांना, पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका, आधी टो करून न्या. इंजिनात पाणी ओढलं गेलं की साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा धरत नाहीत, इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. २०२३ ला किती जणांचं नुकसान नुसत्या त्या एका चावीने वाढलं ते मी बघितलंय.

आमच्या ऑफिसात फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही. पण मागच्या सोमवारपासून मी प्रत्येक घराच्या फायलीत शेऱ्याच्या जागी हाताने लिहायला लागलोय, नाला किती अंतरावर, जोतं किती, २०२३ ला पाणी होतं की नव्हतं. शेजाऱ्याला विचारून. अकरा फायली झाल्या. मॅनेजरने काल विचारलं हे काय, मी काटोलच्या भाऊंची पोस्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, लिहित जा.

काटोलचा_बगीचावाला

बरं केलं भाऊ. मी यंदा गेलेल्या झाडाच्या जागी चाळीसच कलमं लावून राह्यलो, बाकी जागा मोकळी ठेवतो, अन् पाणी निघाले चर काढतो उताराले, लिंबूवर्गीय संस्थेच्या लोकायनं सांगतलं तसं. ताण चालू हाय आता. काल संध्याकाळी ढग आलते, पडला नाई. पहिला पाऊस झाला का इथंच सांगतो.